शब्दवेध : हॅलोजन

आपल्याकडे हॅलोजन म्हणजे मांडवात लावायचा, डोळे दिपवणारा दिवा. मूळ शब्दाचा मात्र उजेडाशी काडीचा संबंध नाही. दिव्यातल्या टंगस्टनच्या तारेची झीज रोखायला आत ब्रोमीन किंवा आयोडीनचा अंश भरतात, म्हणून ते नाव दिव्याला चिकटलं, इतकंच.

ग्रीकमध्ये ‘हाल्स’ म्हणजे मीठ. हॅलोजन म्हणजे मीठ घडवणारा. १८११ साली योहान श्वायगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हा शब्द सुचवला तो एकट्या क्लोरीनसाठी. पण इंग्लंडच्या हम्फ्री डेव्हीने आदल्याच वर्षी फिकट हिरव्या रंगावरून ठेवलेलं ‘क्लोरीन’ लोकांच्या तोंडी बसलं. बेकार पडलेला शब्द स्वीडनच्या बर्झेलियसने पुढे फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन या अख्ख्या घराण्याला आडनावासारखा लावला. माझ्या मते श्वायगरचंच नाव अधिक नेमकं होतं. रंग तर काय, डोळ्यांना दिसतोच.

या मंडळींच्या बाहेरच्या कक्षेत सात इलेक्ट्रॉन. आठव्यासाठी सगळी धडपड, आणि ती फ्लोरीनकडून आयोडीनकडे कमी होत जाते. पोटॅशियम आयोडाइडच्या रंगहीन द्रावणात क्लोरीनचं पाणी थेंबथेंब सोडा : आयोडीन हुसकलं जातं, द्रावण तपकिरी होतं. त्यात स्टार्च पडला की निळंकाळं. फ्लोरीन मात्र इतकं हावरट, की ते वेगळं काढण्याच्या नादात काहींनी जीव गमावला. १८८६ मध्ये ते अखेर फ्रान्सच्या आंरी म्वासाँच्या हाती लागलं.