नांगराची निशाणी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक काढतो, ‘शुभ-लाभ’ लिहितो आणि हात जोडतो. वही ही व्यापाराची लक्ष्मीच. पण याच वहीने एके काळी आपल्या पुणे जिल्ह्यातल्या कुणब्याची लक्ष्मी घराबाहेर काढली होती. ती हकीकत आज सांगतो.

दोष एकट्या सावकाराच्या लोभाचा नव्हता. थोडा कायद्याचाही होता. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्यावरच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत घातली. जुनी कर्जे ऋणकोच्या मानगुटीवर कायम बसू नयेत, हा हेतू. झाले उलटेच! मुदत संपत आली की सावकार नवा रोखा मागे आणि थकलेले व्याज मुद्दलात मिळवी. शाळेत मी मुलांना हे गणित घालतो. कर्ज १०० रुपये, व्याज दरमहा शेकडा २. तीन वर्षांनी रोखा १७२ चा, सहा वर्षांनी सुमारे २९६ चा, नऊ वर्षांनी ५०९ चा. हातात पडले होते ते शंभरच! कुणब्याला अक्षरओळख नसे. सहीच्या जागी तो नांगराची निशाणी करी, आणि त्याच निशाणीने नांगराखालची जमीन जाई.

अमेरिकेतल्या यादवीत, १८६१ ते १८६५ या काळात, कापसाला सोन्याचा भाव आला आणि कर्जही सहज मिळू लागले. युद्ध संपले, भाव कोसळले. सरकारी सारा मात्र वाढला. सावकाराने हात आखडता घेतला. अखेर १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात भडका उडाला आणि तो नगर जिल्ह्यापर्यंत पसरला. लोक कोणाच्या जिवावर फारसे उठले नाहीत. त्यांना हवे होते ते कागद. रोखे आणि वह्या काढून त्यांनी त्यांची होळी केली.

सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर व नगर या जिल्ह्यांना तो लागू होता. कर्जापायी शेतकऱ्याची अटक बंद झाली. पहिल्या रुपयापासूनचा हिशेब उकरून पाहण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला. रोखा गावच्या नोंदणी अंमलदारासमोर लिहिला जाऊ लागला, आणि पैसे भरल्याची पावती मागणे हा ऋणकोचा हक्क ठरला. न्यायमूर्ती रानडे यांनी याच कायद्याखाली खास न्यायाधीश म्हणून काम केले. पळवाटाही निघाल्या: गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घेणारे महाभाग भेटलेच. तरीही बंद वही उघडली गेली, हे काही थोडे नव्हे.

आज आमच्या मारुंजीच्या शिवेला हिंजवडीच्या संगणक कंपन्या भिडल्या आहेत. परवा एक जुना विद्यार्थी नोकरीचा कागद घेऊन आला. दोन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास मोठी रक्कम भरावी, असे त्यात होते. “सही करून बसलो, गुरुजी. वाचले आत्ता!” बिचारा घाबरला होता. मी त्याला १८७२ च्या करार कायद्याचे ७४ वे कलम दाखवले. करारात आकडा कितीही मोठा लिहिलेला असो. कोर्ट वाजवी तेवढीच भरपाई देववते, आणि तीही त्या आकड्याच्या आत. त्याचा चेहरा जरा उजळला.

पण मी मनात म्हटले, याला इंग्रजी फाडफाड वाचता येते; तरी सही मात्र नांगराचीच झाली! वाचकहो, वहीची पूजा अवश्य करा. फक्त हात जोडण्यापूर्वी ती एकदा उघडून वाचा.