घरची भट्टी, राजाचा महसूल आणि पाचवे शील

घरात दारू गाळणे हा गुन्हा का ठरला? 'दारू वाईट म्हणून' हे प्रचलित उत्तर इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. कौटिलीय अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात, नेमून दिलेल्या स्थानाबाहेर सुरा करणाऱ्यास, विकणाऱ्यास व विकत घेणाऱ्यास 600 पण दंड सांगितला आहे. मात्र तेथेच गृहस्थास सणसमारंभासाठी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची मुभाही आहे. म्हणजे आक्षेप पिण्याला नव्हता; महसूल बुडण्याला होता.

ब्रिटिश राजवटीत हा महसुली विचार अधिक कठोर झाला. 1878 च्या मुंबई आबकारी कायद्याने परवान्यावाचून दारू गाळणे दंडनीय ठरविले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील कातकरी, वारली, ठाकूर हे लोक फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले वेचीत. ती ते खात, गुरांना घालीत आणि मडक्यांच्या भट्टीवर त्यांचीच दारू गाळीत. उरणच्या परवानाधारक भट्ट्यांतूनही मोहाचीच दारू निघे. फूल तेच, दारू तीच. कर भरलेली तेवढी कायदेशीर! घरच्या भट्ट्या तरीही बंद होईनात, तेव्हा 1892 मध्ये खुद्द मोहफुलांसाठी कायदा करून या दोन जिल्ह्यांत फुलांच्या साठ्यावर व व्यवहारावर निर्बंध घातले गेले. भुकेच्या दिवसांतील अन्नच त्यामुळे संशयास्पद ठरले.

तथागतांची भूमिका याहून मूलतः भिन्न आहे. नागाला वश करणारे सागत थेर कोसंबीच्या वेशीत मद्याच्या अंमलाखाली कोसळले, त्या प्रसंगी भिक्खूंसाठी नियम घालून देण्यात आला. त्याच्या विवरणात पुष्पासव, फलासव, गुळाचा आसव अशी नावे येतात. घरचे कोणते आणि राजाच्या परवान्याचे कोणते, हा भेद तेथे नाही. अंगुत्तर निकायातील वणिज्जसुत्त तर उपासकाला मद्याचा व्यापारच वर्ज्य सांगते. ही कसोटी लावली तर भट्टीवाल्या कातकऱ्याआधी आबकारी खात्यालाच उत्तर द्यावे लागेल.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती लाखोंनी स्वेच्छेने घेतली. तिच्यामागे ना दंड होता, ना शिपाई. त्या वेळी मुंबई राज्यात 1949 चा दारूबंदी कायदा अमलात होता. तोच कायदा आज महाराष्ट्राच्या नावाने चालू आहे. त्याच्याच आधारे कारखान्यांना परवाने मिळतात आणि हातभट्ट्या फोडल्या जातात.