नाण्यावरचा थर



आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं देव्हाऱ्यांत किंवा आजीच्या पेटींत चार-दोन जुनाट नाणीं असतील. सणासुदीला तांब्या-पितळेचीं भांडीं निघालीं, कीं त्यांच्याबरोबर या नाण्यांनाहि चिंचेचा कोळ लावावा, असें घरांतल्या कोणालाहि वाटणें साहजिक आहे. स्वच्छता हा गुणच खरा. पण नाण्याच्या बाबतींत तो इतिहासाला कसा महाग पडतो, हें सांगण्यासाठीं मी आज नाशिक जिल्ह्यांतील एका ठेव्याची हकीकत निवडली आहे.

इ. स. १९०६ मध्यें जोगळटेंभी या गांवीं चांदीच्या नाण्यांचा प्रचंड ठेवा सांपडला. मोजदाद झाली तेव्हां संख्या सुमारें १३,२५० भरली. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनीं तीं नाणीं तपासून १९०८ मध्यें रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकांत त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. सर्व नाणीं मुळांत क्षहरात कुळांतील नहपान राजाचीं. एका अंगास राजाचें मुख व भोंवतीं ग्रीक अक्षरें. दुसऱ्या अंगास बाण आणि वज्र, व ब्राह्मी आणि खरोष्ठी लिपींत राजाचें नांव. परंतु त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर दुसराच ठसा उमटलेला होता: कमानींची टेकडी, उज्जयिनीचें चिन्ह आणि गौतमीपुत्र सातकर्णीचें नांव. सातवाहन राजानें शत्रूचीं नाणीं मुशींत न घालतां त्यांच्यावरच आपला ठसा मारला होता.

असा ठसा मारतांना खालची आकृति पूर्णपणें पुसली जात नाहीं. नव्या टेकडीच्या कडेला जुन्या राजाच्या नाकाची रेषा राहते. एखादें तुटकें ग्रीक अक्षर डोकावतें. या पुसट खुणांवर केवढा मोठा निष्कर्ष उभा आहे पाहा! नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमीपुत्राची माता गौतमी बलश्री हिचा लेख आहे. नातू पुळुमावी याच्या राज्याच्या १९ व्या वर्षीं तो कोरला गेला. आपल्या पुत्रानें क्षहरातांचा वंश निर्मूल केला, असें त्यांत सांगितलें आहे. मातेनें केलेली पुत्राची स्तुति इतिहासकार एकदम खरी धरीत नाहीं. जोगळटेंभीच्या नाण्यांनीं मात्र त्या शब्दांना साक्ष दिली. नहपानाचा पैसा गौतमीपुत्राच्या हातीं आला आणि त्यानें तो आपल्या नांवानें चालविला, हें चांदीनेंच सांगितलें.

आतां कल्पना करा, कीं हीं नाणीं कोणी राखेनें घांसून लखलखीत केलीं असतीं! सर्वांत आधीं झिजली असती ती खालची पुसट आकृति, म्हणजे साक्षीचा नेमका गाभा. शिवाय नाण्यावर चढलेला थर हा नेहमीं बाहेरून चिकटलेला मळ असतो असें नाहीं. चांदी गंधकाच्या संयोगानें काळी पडते. तांब्यावर हिरवा थर येतो. भांड्यांवर त्यालाच आपण कळंक म्हणतों. सातवाहनांनीं शिशाचीं नाणीं पुष्कळ पाडलीं. त्यांवर पांढरी भुकटी धरते. हें सारें धातूचेंच रूपांतर होय. आंबटानें थर काढला, कीं नाण्याचा मूळ पृष्ठभागहि त्याच्याबरोबर जातो, आणि अक्षरांच्या कडा त्या पृष्ठभागांतच असतात. खोटीं नाणीं बनविणारे लोक कृत्रिम थर चढवितात तें उगीच नव्हे. शतकानुशतकें जमलेला थर हा खरेपणाचा एक दाखला आहे, हें त्यांना पक्कें ठाऊक असतें. तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी भुकटी पुनःपुन्हां उमटूं लागली, तर मात्र तो क्षारांचा रोग समजावा. दमट हवेंत तो बळावतो. असें नाणें कोरड्या जागीं वेगळें ठेवून वस्तुसंग्रहालयांतील तज्ज्ञाला दाखवावें.

पृष्ठभागाइतकेंच महत्त्व सांपडल्या जागेला आहे. या ठेव्यांतील एखादें नाणें बाजारांत सुटें आलें असतें, तर एका राजानें दुसऱ्याच्या नाण्यावर ठसा मारला, एवढेंच कळलें असतें. तेरा हजार नाणीं एकत्र मोजतां आलीं, म्हणूनच हें काम केवढ्या प्रमाणावर चाललें होतें हें समजलें. आणि दर तिहींपैकीं सुमारें एक नाणें नव्या ठशावांचून राहिलें होतें, हेंहि दिसलें. ठेवा फुटला, कीं ही साक्ष मिटते. मुशींत गेला, तर उरतें केवळ चांदीचें वजन. म्हणूनच १८७८ च्या कायद्यानें, दहा रुपयांहून अधिक किंमतीचें गुप्तधन सांपडल्यास तें कलेक्टरला कळविण्याचें बंधन घातलें.

आपल्या घरच्या नाण्यापुरतें कर्तव्य मात्र अगदीं साधें आहे. तें कडेनें धरावें, घांसूं नये, आणि कोरड्या कागदाच्या पाकिटांत ठेवावें. पाकिटावर तें कोठें, केव्हां, कोणाकडून आलें व त्याच्यासोबत आणखी काय होतें, तें शाईनें लिहावें. हें सांगणारें माणूस बहुधा घरांतील सर्वांत वडील माणूस असतें. नाण्यावरचा थर आणखी शंभर वर्षें टिकेल. त्या माणसाची आठवण तितकी टिकणार नाहीं. तेव्हां आधीं तें विचारून घ्या.