एचडी टीव्ही घेतला, तरी चित्र पुसट का दिसतं?

दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनचे पैसे हातात आले की अनेक घरांत नवा टीव्ही येतो. चार दिवसांत कुरकुर सुरू होते, "जुना डबा बरा होता, यात सगळं पुसट दिसतंय." मग दुकानदाराशी वाद. बऱ्याचदा टीव्हीत बिघाड नसतोच.

टीव्हीचं चित्र बारीक ठिपक्यांनी बनतं. साध्या म्हणजे एसडी वाहिनीच्या चित्रात ७२० × ५७६, म्हणजे साधारण ४ लाख १५ हजार ठिपके असतात. फुल एचडी पडद्यावर १९२० × १०८०, म्हणजे २० लाखांहून जास्त. एसडी चित्र या पडद्यावर आलं की मधले ठिपके टीव्ही अंदाजाने भरतो. २१ इंचावर जे खपून जायचं, ते ४३ इंचावर उघडं पडतं. टीव्ही एचडी आहे म्हणून वाहिनी एचडी होत नाही.

त्यासाठी सेट टॉप बॉक्स एचडी लागतो, पॅकमध्ये एचडी वाहिनी लागते आणि तिचा वेगळा नंबर लावावा लागतो. झी मराठी आणि झी मराठी एचडी या दोन वेगळ्या वाहिन्या आहेत. पैसे एचडीचे भरायचे आणि सवयीने जुनाच नंबर दाबायचा, असंही घडतं. दुसरी चूक वायरची. लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिनांच्या वायरमधून एचडी चित्र येतच नाही, एचडीएमआय वायरच लागते. ती लावूनही फरक दिसला नाही तर बॉक्सच्या सेटिंगमध्ये ५७६ च्या जागी १०८०आय निवडावं. मात्र भारी किमतीच्या सोनेरी पिनांच्या वायरीने चित्र जास्त चांगलं होत नाही. घरातल्या एक-दोन मीटरसाठी साधी धड वायर पुरते.

खरी फसगत खोक्यावरच्या शब्दांत आहे. 'एचडी रेडी' म्हणजे फुल एचडी नव्हे. त्या पडद्यावर बहुधा १३६६ × ७६८, म्हणजे साडेदहा लाखांच्या आसपास ठिपके असतात. 'फोर के सपोर्टेड' हा शब्द तर आणखी गुळगुळीत. तसला व्हिडिओ टीव्ही चालवून दाखवेल एवढाच त्याचा अर्थ असू शकतो, पडदा कमी ठिपक्यांचाच असतो. खऱ्या फोर के पडद्यावर ३८४० × २१६० ठिपके असतात. म्हणून खोक्यावर 'रिझोल्यूशन'समोरचा आकडा वाचावा आणि तोच बिलावर लिहून घ्यावा. नंतर भांडायला तोंडी बोलणं कामाला येत नाही.

जास्त ठिपके घेतलेच पाहिजेत असंही नाही. खाट भिंतीला आणि टीव्ही समोर आठ-नऊ फुटांवर असेल, तर ३२ इंचात एचडी रेडी आणि फुल एचडी यांतला फरक डोळ्याला फारसा कळत नाही. ४३ इंचातही फुल एचडी आणि फोर के यांचं तेच.

छत्री हलवून चित्र 'क्लिअर' करण्याची सवय जुन्या अँटेनाच्या काळातली. तेव्हा मुंग्या कमी व्हायच्या. आता सिग्नल पुरेसा असला की चित्र पूर्ण येतं, कमी पडला की चौकोन पडतात किंवा पडदा काळा होतो. छत्री नीट बसलेली असेल तर ती हलवून एसडीचं एचडी होणार नाही.

माणसं आडवी, जाड दिसत असतील तर जुनं ४:३ मापाचं चित्र १६:९ च्या पडद्यावर ताणलं गेलंय. रिमोटवरून चित्राचं माप बदलावं, बाजूला काळ्या पट्ट्या आल्या तरी चालतील.

दुकानात रंग भडक दिसतात, कारण तिथे टीव्ही 'व्हिव्हिड' मोडवर आणि खास बनवलेल्या व्हिडिओवर चालू असतो. घरी 'स्टँडर्ड' किंवा 'सिनेमा' मोड लावावा, 'शार्पनेस' कमी करावा. पैसे देण्याआधी दुकानदाराला साधी एसडी वाहिनी लावायला सांगावी आणि घरी बसतो तेवढ्या अंतरावरून पाहावी.