लोकल, ओहम आणि दोन लूप

फणसवाडीतून मरीन लाइन्स स्टेशन चालत गाठता येतं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आपण सगळ्यांनी घोकलेलं मेश अ‍ॅनालिसिस त्या रुळांवर 84 वर्षं रोज सुटत होतं, हे मात्र वर्गात कुणी सांगितलं नाही.

मुंबईत विजेची पहिली गाडी धावली 3 फेब्रुवारी 1925 ला, व्हीटी ते कुर्ला, हार्बरमार्गे. गिरगावकरांच्या बीबीसीआय लाइनवर वीज आली जानेवारी 1928 मध्ये, कुलाबा ते बोरिवली. (हो, तेव्हा गाडी चर्चगेटच्या पुढे कुलाब्यापर्यंत जायची. ते टर्मिनस 1930 अखेर बंद झालं.) दोन्हीकडे 1500 व्होल्ट डीसी. डीसी मोटरचा वेग त्या काळी सहज आवरता यायचा, म्हणून डीसी.

आता कागद घ्या. 8 किलोमीटर अंतरावर दोन सबस्टेशनं, मध्ये एक लोकल. वरची तार आणि परतीचे रूळ मिळून किलोमीटरला 0.05 ओहम, गाडी ओढते 2000 अँपिअर. आकडे माझे, गणिताच्या सोयीचे. गाडी डाव्या सबस्टेशनपासून 2 किलोमीटरवर असेल तर डावीकडे 0.1 ओहम, उजवीकडे 0.3. दोन लूप, दोन समीकरणं: डावीकडून 1500 अँपिअर येतात, उजवीकडून 500. दोन्हीकडून ड्रॉप तोच, 150 व्होल्ट. गाडी बरोब्बर मध्ये आली की हजार-हजार, आणि ड्रॉप 200. म्हणजे गाडी धावतेय आणि प्रत्येक क्षणी उत्तर बदलतंय!

खरी गंमत एक सबस्टेशन बंद पडलं की. तीच मधली गाडी, एकाच बाजूने 2000 अँपिअर, ड्रॉप थेट 400. गाडी बंद सबस्टेशनाजवळ पोचली तर 800, मोटरला उरले 700 व्होल्ट. गाडी रेंगाळणार, मागच्या खोळंबणार, आणि दारात लटकलेला माणूस मोटरमनला शिव्या घालणार. बिचाऱ्याचा दोष काय? दोष ओहमसाहेबांचा, 1827 पासूनचा.

गर्दी वाढली, 9 डब्यांचे 12 झाले, गाड्या जवळजवळ धावू लागल्या. 1500 व्होल्टवर याला उपाय दोनच: आणखी सबस्टेशनं किंवा आणखी जाड तांबं. त्यापेक्षा व्होल्टेजच वाढवलेलं बरं. तेच 3 मेगावॅट 25,000 व्होल्टवर न्यायला फक्त 120 अँपिअर लागतात. 0.4 ओहममध्ये ड्रॉप 48 व्होल्ट. (एसीत इंडक्टन्सही मोजावा लागतो, पण तरी फरक प्रचंडच.) चालत्या लाइनवर, गाड्या बंद न ठेवता हा बदल करणं म्हणजे चालू सर्व्हरवर डेटाबेस बदलण्यासारखं. पश्चिम रेल्वेवर ते 2012 मध्ये पूर्ण झालं, आणि हार्बरवर शेवटची डीसी लोकल एप्रिल 2016 मध्ये धावली.

या बदलात आपलं गणितच गेलं. एसीत शेजारची सबस्टेशनं वेगवेगळ्या फेजवर असतात, ती जोडता येत नाहीत. म्हणून मध्ये तारेचा एक मृत तुकडा ठेवतात, आणि गाडीला वीज एका वेळी एकाच बाजूने मिळते. दोन लूपचा एकच लूप उरला.