आंबागडच्या मुलखातील उद्योगाचे धाडस

भंडारा जिल्ह्यातील तुमसरजवळच्या डोंगरावर राजाखान पठाणाने इ. स. 1700 च्या सुमारास आंबागडचा किल्ला बांधला आणि पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला, ही हकिकत सर्वश्रुत आहे. परंतु ज्याच्या अमलात हा किल्ला उभा राहिला त्या देवगडच्या गोंड राजा बख्तबुलंदाने, दिल्लीचे वैभव पाहून परतल्यावर, परमुलखातील शेतकरी, कारागीर व व्यापारी आणून वसविले, ही गोष्ट मला तटबुरुजांहून अधिक मोलाची वाटते. तरुण मनुष्य बापाची वहिवाट सोडून नव्या उद्योगात पडतो तो केवळ अंगच्या हिमतीवर, हा समज या मुलखाचा इतिहास वाचल्यावर टिकत नाही.

तळ्यांचेच पाहा: जो तळे बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन, असा शिरस्ता चांद्याच्या गोंड राजांनी घातला आणि वैनगंगेच्या खोऱ्यात कोहळी जातीच्या शेतकऱ्यांनी तळ्यांमागून तळी बांधली; हिमतीला शिरस्त्याचे पाठबळ होते. नवेगावचा बांध परंपरेने कोलू पाटील कोहळ्याच्या नावावर आहे.

विडीचे उदाहरण अधिक बोलके आहे. 1899-1900 च्या दुष्काळाने गुजरात होरपळला, मध्य प्रांतात रेल्वे पोहोचलेली होती, आणि गुजरातेतून आलेल्या मोहनलाल व हरगोविंददास पटेल यांनी जबलपुरास 1902 च्या सुमारास विडीचे काम आरंभिले. भंडारा-गोंदियाच्या पट्ट्यातही हा धंदा रुजला तो मुख्यतः तेंदूच्या रानामुळे. रान इथले, मजूर इथले. तंबाखू आणि पत मात्र बाहेरची! उन्हाळ्यात पहाटे रानात जाऊन पाने तोडावीत, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधावेत, फडीवर, म्हणजे पाने जमा करण्याच्या ठिकाणी, मोजून द्यावेत. आणि घरी बायकांनी पान भिजवून, साच्याबरहुकूम कातरून, चिमूटभर तंबाखू भरून विडी वळावी व दोऱ्याने बांधावी, असा हा व्यवहार होता. स्थानिक तरुण त्यात चढला तर बहुधा सट्टेदारीपर्यंतच, म्हणजे मधल्या ठेकेदारीपर्यंतच, कारण त्या कामास भांडवल लागत नसे. कारखानदाराकडून पान-तंबाखू उचलून मजुरांत वाटण्याइतका विश्वास पुरेसा होता. भांडवल व पत नसल्याने जे त्यापुढे गेले नाहीत त्यांस भित्रे म्हणणे हा शुद्ध अन्याय होय.

1969 च्या कायद्याने तेंदूपानाचा व्यापार महाराष्ट्र सरकारने आपल्या हाती घेतला, तरी पान तोडणारा मजूरच राहिला. 2006 च्या वनहक्क कायद्याने रानावर हक्क मिळाल्यावर मात्र शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील कित्येक ग्रामसभा आपल्या रानातील तेंदूपानाचा लिलाव स्वतः करू लागल्या आहेत.