जावास्क्रिप्टमधील ‘प्रॉमिस’ संकल्पनेची वाटचाल

प्रस्तावना

एखादी संकल्पना मांडली जाणे आणि ती सर्वसामान्य प्रोग्रामरच्या हाती येणे यांत अनेकदा दीर्घ काळ जातो. जावास्क्रिप्टमधील प्रॉमिस हे याचे ठळक उदाहरण होय. या विलंबाची कारणमीमांसा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी

१९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत जावास्क्रिप्ट तयार केली. या भाषेतील प्रोग्राम एका वेळी एकच काम करतो. सर्व्हरचे उत्तर येईपर्यंत तो थांबला, तर सारे वेबपान गोठते. म्हणून काम पूर्ण झाल्यावर चालवावयाचे फंक्शन आधीच सोपविण्याची ‘कॉलबॅक’ पद्धत रूढ झाली. मात्र नंतर उद्भवलेली चूक मूळ फंक्शनच्या ट्राय-कॅच रचनेत सापडत नसे. प्रत्येक टप्प्यावर ती वेगळी तपासावी लागे. एखादी तपासणी राहिली की चूक निमूटपणे हरवत असे.

उगम व स्वीकार

‘प्रॉमिस’ ही संज्ञा डॅनियल फ्रीडमन व डेव्हिड वाइज यांनी १९७६ मध्ये वापरली. भविष्यात मिळणाऱ्या उत्तराची जागा धरणारे आणि चूकही पुढे पोहोचविणारे प्रॉमिस बार्बरा लिस्कोव्ह व ल्युबा श्रीरा यांनी १९८८ मध्ये मांडले. रायन डाल यांच्या नोड या प्रणालीत २००९ मध्ये प्रॉमिस होते. २०१० मध्ये ते काढून कॉलबॅक स्वीकारले गेले. या निर्णयाबद्दल डाल यांनी २०१८ मध्ये जाहीर खेद व्यक्त केला. २०११ मध्ये जेक्वेरीने ‘डिफर्ड’ आणले. परंतु त्याच्या ‘देन’मधील फंक्शनात उद्भवलेली चूक साखळीत पुढे जात नसे. हा दोष तेथे २०१६ मध्ये दूर झाला. दरम्यान २०१२ मध्ये ‘प्रॉमिसेस ए प्लस’ या संहितेने ‘देन’चे नियम निश्चित केले. त्याच धर्तीवरील प्रॉमिस २०१५ मध्ये भाषेच्या प्रमाणात समाविष्ट झाले. २०१७ मध्ये आलेल्या ‘एसिंक’ व ‘अवेट’ या शब्दांमुळे असिंक्रोनस फंक्शनमध्येही ट्राय-कॅच पुन्हा उपयोगी ठरले.

निष्कर्ष

१९८८ ते २०१५ या २७ वर्षांत उणीव संकल्पनेची नव्हती. चुकीची जबाबदारी कोणाची, याविषयीच्या सर्वमान्य नियमाची होती. न हाताळलेल्या प्रॉमिसच्या चुकीने प्रोग्राम बंद पडावा, हा नोडने २०२० मध्ये स्वीकारलेला नियम त्याच विचाराची परिणती होय. म्हणून प्रॉमिस शिकविताना लेखनसुलभतेपेक्षा या जबाबदारीवर भर देणे अधिक उचित ठरेल.